दिनचर्या (आयुर्वेद)

निरोगी माणसाने पहाटे उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय, केव्हा आणि किती करावे याची आयुर्वेदाने सांगितलेली रीत म्हणजे दिनचर्या. ती स्वस्थवृत्तात, म्हणजे निरोगी राहण्याच्या नियमांच्या शाखेत मोडते. बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीच्या अभ्यासक्रमात स्वस्थवृत्त नावाचा विषय आहे. ही नोंद तिच्या नाशिक परिसरातील आचरणाला धरून केली आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले आणि पंचवटीत गणेशवाडीला जुने आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे हा विषय इथे आजीच्या बटव्यात आहे तसा वर्गातही आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय, सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील चोविसावा आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय हे तिचे मुख्य आधार. वाग्भटाचा अध्याय आटोपशीर आणि क्रमवार असल्याने सहसा तोच सांगितला जातो. त्यातला मोठा भाग तेल-अंघोळीपेक्षा वागणुकीला दिलेला आहे: खरे आणि मोजके बोलावे, इंद्रियांना छळू नये आणि त्यांचे फार लाडही करू नयेत, आपले दिवस-रात्र कसे चालले आहेत याची रोज आठवण ठेवावी. दिनचर्येचे तक्ते छापताना हा भाग हमखास गळतो.

सकाळचा क्रम

स्वस्थ माणसाने ब्राह्म मुहूर्तावर उठावे असे वाग्भट सांगतो. हा रात्रीचा चौदावा मुहूर्त, म्हणजे सूर्योदयाआधी सुमारे ९६ मिनिटांनी सुरू होऊन ४८ मिनिटे आधी संपणारा. घड्याळात त्याची जागा पक्की नाही. नाशिकला जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातनंतर. म्हणजे हिवाळ्यात हा मुहूर्त साडेपाचच्या पुढे सुरू होतो. बारा महिने चारला उठण्याचा हट्ट ग्रंथाचा नाही.

पुढे शौच आणि दंतधावन. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा तुरट, तिखट किंवा कडू चवीच्या झाडांची, करंगळीएवढी जाड आणि बारा अंगुळे लांब काडी चावून दात घासायचे, हिरड्या दुखवायच्या नाहीत. मग अंजन, नस्य म्हणजे नाकात औषधी थेंब सोडणे, गंडूष म्हणजे तोंडात तेल किंवा काढा धरणे, औषधी धूम्रपान, तांबूल. तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊन दिवस सुरू करणे हा आज दिनचर्येचा पहिला नियम मानला जातो. पण वाग्भटाच्या या क्रमात उषःपान नाही, ते सोळाव्या शतकातील भावप्रकाशात येते. जलनेतीही हठयोगाची.

अभ्यंग रोज करावा, निदान डोके, कान आणि तळपाय यांना तरी तेल लावावे, असे सांगितले आहे. घराघरांत तो आता नरक चतुर्दशीच्या उटण्यापुरता उरला. रोज सर्वांगाला जमत नसेल तर रात्री तळपायांना तेल, ही नाशिकच्या थंडीत सहज पाळता येणारी तडजोड आहे. कफाचा त्रास किंवा अजीर्ण असताना मात्र अभ्यंग वर्ज्य. अंघोळीला अंगावर गरम पाणी घ्यावे, डोक्यावर घेऊ नये. जेवल्यावर लगेच अंघोळ नको.

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही मुख्यतः थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. अति व्यायाम करणारा हत्तीला ओढणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असे वाग्भट म्हणतो. गोल्फ क्लब मैदानावर चालणाऱ्यांना याची धास्ती नको. मे महिन्यात पांडवलेणीच्या पायऱ्या धावत चढणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

जेवण

दिवस, रात्र आणि पचन या प्रत्येकाच्या सुरुवातीला कफ, मध्याला पित्त आणि शेवटी वात बळावतो, असे सूत्र आहे. भर दुपारी पित्ताचा जोर म्हणून मुख्य जेवण तेव्हा आणि रात्रीचे हलके, हा सल्ला वैद्य त्याच सूत्रावरून देतात. सहा ते दहा, दहा ते दोन असे दोषांचे घड्याळ हे त्याचे अलीकडचे सोपे रूप. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि एक मोकळा ठेवावा. रात्री दही खाऊ नये. मल-मूत्र, शिंक, भूक, तहान, झोप यांचे वेग अडवू नयेत. एसटीच्या लांब प्रवासात आणि स्वच्छतागृह धड नसलेल्या शाळांत सर्वांत जास्त मोडणारा नियम हाच असावा.

नाशिकचे ऋतू आणि चर्या

दिनचर्या ऋतुचर्येशिवाय अपुरी आहे, आणि नाशिकला हे चटकन कळते. थंडीत शहराचा पारा अनेकदा दहा अंशांखाली जातो, निफाडला त्याहूनही खाली. या काळात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, प्रबळ असतो आणि रात्री लांब असल्याने माणूस सकाळीच भुकेजतो, असे हेमंताच्या वर्णनात स्पष्ट आहे; म्हणून गहू, उडीद, गूळ, तूप, तीळ. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी याच चालीची. थंडीतली भरपेट न्याहारी म्हणजे शास्त्रद्रोह नव्हे. नाशिकच्या मिसळीच्या तर्रीबद्दल ग्रंथ अर्थातच गप्प आहेत.

तीच मिसळ ऑक्टोबरात वेगळी ठरते. शरदात पावसाळ्यात साठलेले पित्त उन्हाने उसळते, असे मानले आहे. वर्ज्याच्या यादीत तेल, दही, ऊन आणि पोट तुडुंब भरणे ही चारही आहेत. तेलाची तर्री आणि वर दह्याची वाटी म्हणजे यादीतले दोन जिन्नस एकाच ताटात. उन्हाचे कलम तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पाळताच येत नाही, कारण गोडी छाटणी, म्हणजे वेलींची फळासाठीची छाटणी, याच दिवसांत येते. त्याने सकाळी लवकर आणि उतरत्या उन्हात काम करावे, मधल्या वेळी सावली धरावी, एवढेच सुचवता येते. शरदातल्या संध्याकाळी गच्चीवर चांदण्यात बसावे असेही सांगितले आहे. कोजागरीचा कार्यक्रम त्याच्याशी जुळतो, फक्त ग्रंथातले चांदणे रात्रीच्या आरंभीचे आहे, मध्यरात्रीच्या आटीव दुधासोबतचे नाही.

पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून जुने धान्य, मुगाचे कढण, उकळलेले पाणी. दिवसा झोप, अति श्रम आणि नदीचे पाणी टाळायचे. गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागला हे मोजणाऱ्या गावाला नदीच्या पाण्याचा नियम समजावून सांगावा लागत नाही. चातुर्मासातले उपास या मंद अग्नीशी जोडून सांगितले जातात, पण साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वडे खाऊन पोटाला विसावा मिळत नाही. वसंतात कफ वितळतो: व्यायाम, मध, जव; जड आणि गोड कमी. पाडव्याचा कडुनिंब त्याच सुमाराचा.

ग्रीष्मात तेवढी दुपारची झोप चालते. मद्य मात्र या ऋतूत घेऊच नये, घेतले तर अगदी थोडे किंवा भरपूर पाणी घालून, असे वाग्भटाने लिहून ठेवले आहे; वाइनसाठी नावाजलेल्या जिल्ह्यात ही ओळ फारशी ऐकू येत नाही. एका ऋतूचा शेवटचा आणि पुढच्याचा पहिला आठवडा हा ऋतुसंधी. त्यात जुनी चर्या हळूहळू सोडून नवी धरायची. लागलेली अपथ्य सवयही एकदम न सोडता चौथाई-चौथाईने सोडायची. चहा कमी करणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे.

पाळीचे कामगार

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याला ब्राह्म मुहूर्त सांगणे ही थट्टाच. पण जाग्रणाबद्दल ग्रंथांत सोय आहे: सवय नसताना जागरण झाले, तर जितके जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे. पाळीवरून येऊन भरपेट खाऊन आडवे होण्याची सवय याच्या नेमकी उलट. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर कोणतीच चर्या नीट बसत नाही. तिथे दोष माणसाच्या शिस्तीत शोधू नये.

पुरावा आणि मर्यादा

शरीरातील दैनिक जैविक घड्याळाच्या यंत्रणेवरील संशोधनाला २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. झोप आणि जेवणाच्या नियमित वेळांचे महत्त्व त्यातून अधोरेखित होते. वात-पित्त-कफाचे सिद्धांत त्याने सिद्ध झाले, असा दावा मात्र ओढूनताणून केलेला आहे. तेलाच्या गुळण्यांवरील अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. त्या ब्रशची जागा घेत नाहीत. बाजारातल्या काही काजळांत व सुरम्यांत शिसे आढळले आहे, त्यामुळे अंजनाचा नियम, विशेषतः लहान मुलांसाठी, जसाच्या तसा उचलू नये. औषधी धूम्रपानाचा आधार घेऊन विडीचे किंवा तांबुलाच्या नावाने तंबाखूचे समर्थन होत नाही. मुळात हे नियम निरोगी माणसासाठी आहेत: मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा, आणि गर्भवतीने व्यायाम, नस्य किंवा उपास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.