पिट्युटरी शस्त्रक्रियेनंतरचे पाणी, सोडियम व संप्रेरकांचे असंतुलन

पिट्युटरी ग्रंथीची (पोषग्रंथीची) गाठ काढल्यानंतर शरीरातले पाणी, रक्तातले सोडियम आणि संप्रेरके यांचा मेळ बिघडणे. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. शस्त्रक्रियाही बहुतेक वेळा नाकावाटे दुर्बिणीने होते, त्यामुळे बाहेरून टाका दिसत नाही आणि रुग्णाला काही दिवसांतच सुट्टी मिळते. मात्र सोडियम घसरण्याचा धोका नेमका घरी पोचल्यावर उभा राहतो. नागपूरला शस्त्रक्रिया करून धारणी, एटापल्ली किंवा झरी जामणी तालुक्यातल्या गावी परतणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी म्हणूनच पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे.

वाटाण्याएवढी ही ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत असते. तिचा पुढचा भाग थायरॉइड, अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) व प्रजननग्रंथींना चालना देतो. मागच्या भागात व्हॅसोप्रेसिन साठवलेले असते. हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, ग्रंथीला मेंदूशी जोडणाऱ्या देठावाटे खाली उतरते आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावते. शस्त्रक्रियेत हा भाग किंवा देठ दुखावला की पाण्याचा हिशेब बिघडतो.

पहिला बिघाड साधारण २४ ते ४८ तासांत, रुग्णालयातच दिसतो. लघवी पाण्यासारखी रंगहीन होते आणि तासाला २५० ते ३०० मिलीलिटरच्या वर, सलग दोन-तीन तास होत राहते. गार पाण्याची तहान शमत नाही, रक्तातले सोडियम १४५ एककांच्या (मिलीमोल प्रति लिटर) वर जाऊ लागते. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. त्याचा साखरेशी संबंध नाही, त्यामुळे रुग्णाचा भात किंवा गूळ बंद करण्याचे कारण नाही. नुसती लघवी वाढली म्हणजे हाच विकार, असेही नाही. शस्त्रक्रियेत दिलेले सलाईन बाहेर पडतानाही लघवी वाढते, म्हणून रक्त व लघवी दोन्ही तपासतात. बहुतेकांना हा त्रास काही दिवसांत थांबतो, काहींना डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे औषध द्यावे लागते. नाकाची जखम ताजी असताना त्याचा नाकात मारायचा स्प्रे नीट शोषला जात नाही, त्यामुळे गोळी किंवा इंजेक्शन बरे.

दुसरा बिघाड याच्या अगदी उलट असतो. दुखावलेल्या चेतातंतूंतून साठलेले व्हॅसोप्रेसिन एकदम सुटते, मूत्रपिंडे पाणी सोडत नाहीत आणि रक्तातले सोडियम पातळ होते. हे चौथ्या ते दहाव्या दिवसादरम्यान, बहुतेकदा सातव्या दिवसाच्या आसपास घडते. आधी डोके जड होते, मळमळते, अन्न नको वाटते. पुढे रुग्ण असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो, झटके येतात. सामान्य सोडियम १३५ ते १४५ असते. ते १२५ च्या खाली गेले तर जिवाला धोका.

विदर्भातल्या उन्हाळ्यात ही लक्षणे हमखास चुकीची वाचली जातात. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशात ओकारी आणि चक्कर दिसली की घरचे म्हणतात, "पानी पेत राय, नाही त ऊन लागन." माठातले पाणी, लिंबू सरबत, पन्हे सुरू होते. गुण आला नाही तर जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेतली जाते. त्या बाटलीतली साखर शरीर वापरून टाकते, पाणी तेवढे उरते आणि सोडियम आणखी खाली येते. माया खरी असते, पण या एका आठवड्यात ती घातक ठरते. मिठाच्या पाण्यानेही ही घसरण थांबत नाही.

म्हणून अनेक ठिकाणी सुट्टीनंतर आठवडाभर दिवसाला एक ते दीड लिटरच पाणी सांगतात. उन्हाळ्यात ते फार कठीण जाते. रुग्णाने वावरात जाऊ नये, सावलीत बसावे, तोंड ओले करत राहावे. मात्र ज्याला अजून पाण्यासारखी भरपूर लघवी होते आहे, त्याचे पाणी तोडणे तितकेच धोक्याचे. म्हणून सुट्टीच्या कागदावर लिहिलेलेच प्रमाण धरावे. खुणा केलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात लघवी मोजून, प्यालेले पाणी व सकाळचे वजन वहीत लिहावे. दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन वाढले तर ते पाणीच समजावे. सातव्या दिवशी सोडियमची तपासणी करून घ्यावी. तालुक्याच्या प्रयोगशाळेत ती होते का, हे नागपूर सोडण्यापूर्वीच विचारावे. झटका आला किंवा गुंगी आली तर १०८ ला फोन करावा. सोडियम वाढवण्याचे काम रुग्णालयातच व्हायला हवे, कारण ते २४ तासांत ८ ते १० एककांहून अधिक चढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

काही थोड्या रुग्णांना यानंतर पहिला बिघाड परत होतो आणि तो कायम राहतो. अशांना डेस्मोप्रेसिन नेहमी घ्यावे लागते. एका मात्रेचा अंमल उतरून लघवी पुन्हा वाढल्यावर पुढची मात्रा घेणे, हा साधा नियम अनेकांचे सोडियम वाचवतो.

कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक) कमी पडणे हा वेगळा धोका. त्यानेही सोडियम उतरते, रक्तदाब कोसळतो. कुशिंगच्या आजाराची, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढवणारी गाठ पूर्ण निघाली तर कॉर्टिसॉल कित्येक महिने कमीच राहते. सकाळच्या रक्तात ते मोजून त्याची उणीव भरणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी देतात, साधारण दिवसाला १५ ते २० मिलीग्रॅम, मोठा भाग सकाळी. पेरणीच्या धांदलीत गोळ्या संपल्या आणि बाजाराच्या दिवसापर्यंत राहू दिल्या, असे चालत नाही. ताप आला की मात्रा दुप्पट करावी. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात हे पाठच हवे. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर १०० मिलीग्रॅमचे इंजेक्शन लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते बहुधा असते, पण या रुग्णाला ते लागेल हे तिथल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना आधी सांगून ठेवावे. रुग्णाच्या खिशात तशी चिठ्ठी असावी. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर दबून राहिलेला डायबेटिस इन्सिपिडस उघडा पडतो, तेव्हा लघवी वाढली म्हणून गोळी बंद करू नये.

नाकातून स्वच्छ पाणी टपकणे, विशेषतः वाकल्यावर, हे सर्दीचे नसून मेंदूभोवतीच्या द्रवाचे असू शकते. सोबत ताप व मान आखडणे असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

थायरॉइड व प्रजननसंप्रेरकांची तपासणी साधारण सहा आठवड्यांनी होते. या रुग्णांत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) पाहून फसगत होते, फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) मोजावे लागते. कॉर्टिसॉलही कमी असेल तर थायरॉक्सिनच्या (थायरॉइडच्या गोळीच्या) आधी हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात.