डेस्कटॉप कॉम्प्युटर चालू न होणे

डेस्कटॉपचं बटण दाबलं आणि तो नेहमीसारखा विंडोज किंवा लिनक्सपर्यंत पोचलाच नाही, मधेच कुठेतरी अडकला किंवा मुळात हूं की चूं केलं नाही, की आपण सरसकट 'पीसी चालू होत नाही' म्हणून मोकळे होतो. पण यात एकमेकांशी काही संबंध नसलेले बरेच बिघाड येतात, त्यामुळे तो नेमका कुठपर्यंत जाऊन थांबला हे आधी बघायचं असतं. ते न बघता थेट फॉरमॅट मारायला, म्हणजे डिस्क पूर्ण पुसायला बसणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे, कारण रॅम (तात्पुरत्या मेमरीची पट्टी) नीट बसली नव्हती एवढ्यासाठी लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो आणि फायली जातात.

क्रम साधारण असा असतो. समोरचं बटण फक्त मदरबोर्डवरच्या (सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डवरच्या) दोन पिना क्षणभर जोडतं, मग मदरबोर्ड एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) सांगतो की उठ, एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्ट तयार करून 'वीज ठीक आहे' असा सिग्नल परत देतो, तेव्हा प्रोसेसर जागा होऊन बायोस किंवा आजकालचं यूईएफआय (मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम) चालवायला लागतो, ते रॅम, ग्राफिक्स वगैरे तपासतं (याला पोस्ट म्हणतात), मग बूट करायची डिस्क शोधतं आणि तिथून पुढे ऑपरेटिंग सिस्टम लोड होते. वायर भिंतीला लावलेली असेल तर पीसी बंद असतानाही मदरबोर्डवर ५ व्होल्टची स्टँडबाय वीज असते, म्हणून आत हात घालायच्या आधी वायर काढायचीच, आणि वायर काढल्यावर बटण १०-१५ सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कधीकधी एवढ्यानेच अडकलेला पीसी परत चालू होतो.

पंखाही फिरत नाही, लाइटही नाही, तर बघायचं ते विजेकडे. भिंतीचं सॉकेट, वायर, एसएमपीएसच्या मागचं बटण, मग आतलं २४ पिनचं कनेक्टर. समोरच्या बटणावर संशय असेल तर त्याची वायर काढून मदरबोर्डवरच्या त्याच दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टेकवायच्या, पीसी उठला तर दोष बटणात. एसएमपीएस वेगळा तपासायला २४ पिनमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला जोडतात, पंखा फिरला तर तो चालू होतो एवढंच कळतं, लोड आल्यावर टिकेल की नाही ते कळत नाही. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मधे असायला हवी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही या अवस्थेत. आधी मॉनिटरची केबल बघा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना ती मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते हे फार वेळा होतं, आणि ज्या प्रोसेसरमधे ग्राफिक्सच नाही (इंटेलचे एफ अक्षरवाले) तिथे मदरबोर्डच्या पोर्टवर काही दिसणं शक्यच नाही. मग प्रोसेसरजवळचं ४ किंवा ८ पिनचं वेगळं पॉवर कनेक्टर, ते लावायचं राहिलं तरी पंखे मस्त फिरतात. त्यानंतर रॅम. काढा, पिना मऊ खोडरबरने हलक्या हाताने साफ करा, दोन्ही बाजूंचा टक आवाज येईपर्यंत परत बसवा, जमलं नाही तर एकच स्टिक ठेवून स्लॉट बदलून बघा. नवीन डीडीआर५ मशीनवर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगला (मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते, लोक घाबरून मधेच बंद करतात आणि ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं, तेव्हा थोडं थांबा. बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार छोटे लाइट असतात, जो पेटून राहतो तिथे गाडी अडली. काही मशीन चालू होताना बीप वाजवून दोष सांगतात, त्या बीपचे अर्थ बायोस बनवणाऱ्यांप्रमाणे बदलतात म्हणून मॅन्युअलच बघावं. तरीही नाही झालं तर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस (प्रोसेसरमधे ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही) ठेवायचं, बाकी सगळं काढायचं आणि एकेक परत लावत जायचं, दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, तो संपला की तारीख मागे जाते आणि बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. मग डिस्कचा मोड किंवा बूटचा क्रम बदलतो आणि कालपर्यंत चालणारा पीसी 'ऑपरेटिंग सिस्टम सापडत नाही' म्हणतो. मागे राहिलेल्या पेनड्राइव्हनेही असा मेसेज येतो, तो आधी काढा. बायोसमधे डिस्कचं नावच दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क, नाव दिसत असेल तर बहुतेक सॉफ्टवेअर. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर वारंवार चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं.

लोगो येऊन पुढे अडकत असेल तर हार्डवेअर बऱ्यापैकी सुटलं म्हणायचं. विंडोज ८ पासून एफ८ दाबून सेफ मोड (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारं विंडोज) आपोआप मिळत नाही, पण बूट दोन-तीनदा अर्धवट राहिलं की विंडोज स्वतःच रिकव्हरीचा मेनू आणतं, तिथे स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड, शेवटचं अपडेट काढणं हे सगळं असतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, तेव्हाही फॉरमॅटची गरज नव्हती, सेफ मोडमधे जाऊन एक फाइल काढली की पीसी उठत होता. अडचण आली ती बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असलेल्यांना, कारण रिकव्हरीत शिरायलाच ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) लागते. बायोस रीसेट केल्यावरही ती मागितली जाऊ शकते, म्हणून सगळं सुरळीत चालू आहे तेव्हाच ती कागदावर उतरवून ठेवा. आणि फॉरमॅट करायचंच ठरलं तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून आधी फायली दुसऱ्या डिस्कवर काढा, त्या उघडतायत का बघा, मगच फॉरमॅटला हात लावा.