रिपोर्टात 'हाय' आलंय, पण नक्की काय हाय? लिथियमची लेव्हल आणि आयएनआर

गेल्या महिन्यात आमच्या घरी एकाच दिवशी दोन रिपोर्ट आले, बाबांचा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) २.६ आणि मावशीचं लिथियम (मूड स्थिर ठेवायच्या औषधाची रक्तातली लेव्हल) १.४, आणि दोन्ही आकड्यांपुढे ठळक एच. बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि निकाल देऊन टाकला, दोघांचीही औषधं जास्त झालीयत, आज कोणीच गोळी घ्यायची नाही. आता गंमत म्हणजे बाबांचा २.६ हा अगदी पाहिजे तसाच होता, आणि मावशीचा १.४ दिसायला चुकीचा होता पण का चुकला ते वेगळंच निघालं.

लिथियमच्या रिपोर्टात खरोखर औषधच मोजलेलं असतं. रक्तात लिथियम किती आहे, एवढंच. आणि शेजारी जी रेंज छापतात, साधारण ०.६ ते १.२, ती गोळी घेणाऱ्या माणसाची रेंज असते, धडधाकट माणसाची नव्हे, माझं रक्त तपासलं तर जवळजवळ शून्य येईल आणि ते नॉर्मलच आहे.

आयएनआरमध्ये मात्र औषध कोणी मोजतच नाही! बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ते रक्त पातळ करायची गोळी घेतात, अ‍ॅसिट्रॉम. ती गोळी व्हिटॅमिन के वापरून लिव्हर जे गोठवणारे घटक बनवतं त्यात खोडा घालते, आणि लॅबवाले फक्त बघतात की रक्त गोठायला किती वेळ लागतो, नेहमीच्या मानाने किती पट. म्हणजे मोजतात तो शरीराने दिलेला जबाब. आणि इथेच गोंधळ होतो, कारण इथे छापलेली रेंज ०.८ ते १.२ वगैरे असते ती गोळी न घेणाऱ्या माणसाची, त्यामुळे बाबांच्या प्रत्येक रिपोर्टात एच येणारच, न आला तर उलट काळजी करायची, कारण त्यांना डॉक्टरांनी २ ते ३ च्या मधे ठेवायला सांगितलंय. हृदयात मेकॅनिकल व्हॉल्व (कृत्रिम झडप) बसवलेल्यांचं टार्गेट त्याहून वर असू शकतं. टार्गेट डॉक्टर ठरवतात, कागदावर ते बऱ्याचदा छापलेलं नसतं, मग माणूस कागद बघून घाबरतो आणि गोळी बंद करतो, आणि मग गुठळी होण्याचा धोका. बाबा मागे एकदा दोन दिवस बंद करून बसले होते, घरात कोणाला न सांगता.

मावशीचं काय झालं ते ऐका. लिथियमसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. रेंज त्याच हिशोबाने ठरलीय. मावशीने डिचोलीहून बस पकडायच्या घाईत, विसरायला नको म्हणून सातलाच चहाबरोबर गोळी घेतली आणि नऊला हात पुढे केला, म्हणजे लेव्हल ऐन भरात असताना. लॅबमधे कोणी विचारलंही नाही की गोळी कधी घेतली. डॉक्टरांनी आधी फोनवर हात थरथरतोय का, तोल जातोय का, उलट्या-जुलाब आहेत का हे नीट विचारून घेतलं आणि मग परत टेस्ट करायला लावली, ०.८ आलं. पण प्रत्येक वेळी वेळेचीच चूक असेल असं धरून बसू नका हं, मे महिन्यातला आमच्याकडचा घाम, जुलाब, एकदम मीठ कमी करणं, गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, यातल्या कशानेही लिथियम खरोखर वाढतं, आणि १.५ च्या वर गेलं की विषबाधेच्या गोष्टी सुरू होतात.

आयएनआरला असं तासांचं गणित नाही. आज गोळी घेऊन रक्त दिलं म्हणून आकडा उडी मारत नाही, कारण आधीचे गोठवणारे घटक रक्तातून जायला दोन-तीन दिवस लागतात, डोस बदलला तरी आज लगेच दिसत नाही. इथे हिशोब ताटाचा. श्रावणात आमच्याकडे नुस्तं (मासळी) बंद, मग तांबडी भाजी, तायकिळो, अळू, रोज काहीतरी पाला, ते चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) चालतं, आणि त्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर, झालं, बाबांचा आयएनआर १.७ वर. गोळी एकही चुकली नव्हती! लिथियमला तांबड्या भाजीचं काही देणंघेणं नाही. भाजी सोडायची गरज नाही, बारा महिने साधारण सारखी खायची, बस. अँटिबायोटिक सुरू झालं तर मात्र आयएनआर वर जाऊ शकतो, ते डॉक्टरांना कळवायचंच.

एक बारीक गोष्ट, ट्यूबची. आयएनआरची ट्यूब फिक्या निळ्या टोपणाची, ती रेघेपर्यंत भरलीच पाहिजे, अर्धवट भरली तर आकडा खोटा वर जातो. आणि हिरव्या टोपणाच्या काही ट्यूबमधे लिथियम हेपॅरिनच असतं, त्यात लिथियमचं रक्त घेतलं तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जाणार, म्हणजे हसावं की रडावं.

थायरॉइडवाले विचारतील म्हणून, टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) पण आयएनआरच्याच जातीचं, जबाब मोजणारं, फक्त उलटं चालतं, गोळी जास्त झाली की आकडा खाली, आणि डोस बदलल्यावर सहा-आठ आठवडे थांबावं लागतं.

बाबांच्या फाइलवर मी आता स्केचपेनने "टार्गेट २ ते ३" लिहून ठेवलंय. मावशी सकाळची गोळी पर्समधे घेऊन जाते, रक्त दिलं की आधी समोरच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव, मग गोळी.