दगडीपाला खरा, सापाचा पाला खोटा: सिनेमातल्या दोन लेपांची गल्लत

पावसाळा लागला की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये साप निघू लागतात. सर्पमित्र येऊन पिशवी बांधून घेऊन जातो, पण वॉचमनच्या खुर्चीभोवती जमलेली मंडळी काही हलत नाहीत. मग कुणीतरी सांगतंच, "अहो, येऊरच्या पाड्यावर भगत आहे एक. पाला लावून विष उतरवतो. सिनेमात दाखवतात ते काही उगीच नाही." लगेच दुसऱ्याला आजीची हळद आठवते, तिसऱ्याला शाळेच्या मैदानातला दगडीपाला, आणि हळद, दगडीपाला, सापाचं विष असं सगळं एकाच खलबत्त्यात कुटलं जातं.

सिनेमातला रानातला उपचार दोन प्रकारचा असतो. पहिला जखमेवरचा. वार बसलेला असतो, गोळी चाटून गेलेली असते, म्हातारी पाला ठेचते, लेप लावते, लुगड्याची पट्टी फाडून बांधते. दुसरा विषावरचा. साप चावलेला असतो, तोंडाला फेस असतो, भगत पाला चोळतो, रस पाजतो आणि कोंबडा आरवायच्या सुमारास नायकाचे डोळे उघडतात. कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच. तोच पाटा, तोच हिरवा लगदा, मागे तीच बासरी. त्यामुळे बघणारा नकळत हिशेब मांडतो की पहिलं खरं असेल तर दुसरंही असणारच.

पहिल्याबद्दल फार बोलत नाही, कारण ते आपल्याला ठाऊक आहे. खरचटलं की दगडीपाला हातावर चुरगळून त्याचा रस लावायचा, हे महाराष्ट्रात वाढलेल्या पोराला शिकवावं लागत नाही. हळदीचं तर काय सांगावं! जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. मुद्दा एवढाच होता की यात नवीन शोध काही नाही, आमच्या घरोघरी हे चालत आलंय. तेव्हा पडद्यावरच्या म्हातारीने कापलेल्या दंडावर हळद दाबली तर माझी तक्रार नाही. पोटात गोळी असताना लेप लावून नायक दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसतो तेव्हा हसू येतं, पण त्या हसण्याने कुणाचा जीव जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र घ्या, हळद लावली असली तरी.

दुसऱ्या लेपाने जीव जातो, म्हणून त्याच्यावर जरा थांबू.

लेप जिथे लावाल तिथेच काम करतो. जखम तिथेच असते, म्हणून तो तिथे उपयोगी पडू शकतो. साप चावल्यावर मात्र दिसणारी ती दोन टोचणं म्हणजे आजार नव्हे, ती नुसती दाराची कडी आहे. विष कातडीखाली आणि स्नायूत सोडलेलं असतं, तिथून ते रसवाहिन्यांतून आणि रक्तातून अंगभर पसरतं. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठण्याची शक्तीच जाते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, घोणशीच्या दंशात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. आधी पापण्या जड होऊन मिटतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. पायाच्या घोट्यावर चोळलेला पाला छातीच्या स्नायूंपर्यंत कुठल्या वाटेने जाणार? याहून सोपा पुरावा हवा असेल तर हॉस्पिटलमध्ये काय करतात ते बघा. खरंखुरं अँटीव्हेनम, जे खास त्या विषासाठीच बनवलेलं असतं, तेसुद्धा चावलेल्या जागी टोचत नाहीत. शिरेतून देतात.

"ते सगळं ठीक आहे, पण पाल्याने बरी झालेली माणसं आम्ही डोळ्यांनी पाहिलीत." हे वाक्य आलं की चर्चा संपल्यासारखी सगळे माना डोलावतात. माझं म्हणणं असं की त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. माणूस खरंच चावला गेला, खरंच पाला लावला, खरंच वाचला. तो पाल्याने वाचला, एवढंच खोटं.

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर, गवत्या यांच्यापैकी कुणी चावलं तर रक्त येतं, घाबरून घाम फुटतो, चक्कर येते, आणि माणूस बरा होतो. पाला लावा, टूथपेस्ट लावा, नाहीतर नुसते हात जोडून बसा. त्यात कवड्या हा आमच्या इमारतींचा खास पाहुणा, भिंतीवर चढतो, पाइपातून वर येतो. अंगावर आडवे पट्टे असल्याने लोक त्याला सर्रास मण्यार समजतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे बहुधा उलट, पण अंधारात, चावा बसल्यावर, पट्टे कोण बघतो? (आणि बघूही नका. तो साप मारून, बरणीत घालून दवाखान्यात आणायचीही गरज नाही.) तर कवड्या चावतो, घरचे "मण्यार, मण्यार" म्हणत भगताकडे नेतात, सकाळी माणूस चहा पितो. भगताच्या नावावर एक मण्यार जमा.

दुसरी गोष्ट, विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. कोरडा दंश होतो. नाग खराखुरा, दातांच्या खुणा खऱ्या, विष मात्र आत गेलेलंच नसतं किंवा अगदी नाममात्र. बाहेरून पाहून हे कुणालाही कळत नाही, भगतालाही नाही, डॉक्टरलाही नाही. म्हणून तर डॉक्टर चोवीस तास नजरेखाली ठेवतात.

आणि येऊरच्या बाबतीत तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते: चापडा. येऊर ज्यात येतं त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात, बांबूत आणि झुडपांत बसणारा हा हिरवागार साप विषारी आहे. चावला की भयंकर दुखतं, हात-पाय टम्म सुजतो. पण जीव जाणं अगदी विरळ. सूज बहुतेकदा काही दिवसांत आपली आपण उतरते. शिवाय आपल्याकडचं नेहमीचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आहे, चापड्यावरचं नाही. आता चित्र कसं दिसतं बघा. हॉस्पिटलात नेलं तर डॉक्टर सलाईन लावतात, वेदनेवर औषध देतात, "सापाचं इंजेक्शन" देत नाहीत. लोक म्हणतात, काहीच केलं नाही, नुसतं पाडून ठेवलं. भगताकडे नेलं तर तो पाला बांधतो, चार दिवसांत सूज उतरते, लोक पाया पडतात. दोन्हीकडे काम सापाच्या विषानेच केलं, म्हणजे ते आपणहून ओसरलं. यात भगत लबाड असतो असंही मी म्हणत नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक बरे होतात हे तो आयुष्यभर बघत आलेला आहे. जे मेले त्यांच्याबद्दल "उशीर झाला होता" एवढं म्हणून विषय मिटतो.

याच्या उलट टोकाला मण्यार, आणि इथे सिनेमा नुसता चुकत नाही, घड्याळच उलटं फिरवतो. पडद्यावर चावल्याबरोबर माणूस कोसळतो, रात्रभर जीव टांगणीला आणि पहाटे सुटका. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, दुखणं जवळपास नाही. पोटात कळ येते, तेव्हा घरचे म्हणतात अपचन झालं. पाला लावला तर तासभर माणूस व्यवस्थित बोलतो, म्हणजे "गुण आला". पहाटेपर्यंत पापण्या उचलत नाहीत आणि श्वास अडकायला लागतो. ज्या तासांत गाडी काढायची तेच तास पाल्याचा गुण बघण्यात जातात.

इथे एक खमक्या युक्तिवाद येतो: झाडपाल्यातूनच औषधं निघतात ना? निघतात की. सर्पगंधा घ्या. सापाच्या विषावर म्हणून ती परंपरेने वापरली गेली. मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्याबद्दलचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष वेधलं, पण ते रक्तदाब उतरवण्यासाठी. तिच्यातला रेसरपिन हा घटक पुढे १९५२ मध्ये वेगळा काढला गेला. म्हणजे वनस्पती अस्सल, तिच्यात औषधही अस्सल, फक्त ते सापावरचं नाही. घोणस चावून आधीच रक्तदाब घसरत चाललेल्या माणसाला ते देणं म्हणजे वरून धक्का.

विंचवाचंही तसंच. डंखाची आग शेक-लेपाने थोडी शमली की वाटतं उतरला. पण लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, आणि ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातले रुग्ण तपासून दाखवून दिलं. त्यांनी त्यावर प्राझोसिन वापरलं, ती रक्तदाबाची साधी गोळी आहे.

बाकी सिनेमातले बारकावे पटकन उरकतो. तोंडाने विष चोखणं: निघत काही नाही, जखमेत तोंडातले जंतू जातात. ब्लेडने चिरा: घोणशीच्या विषाने रक्त गोठत नसताना चिरा देणं म्हणजे नळ उघडा टाकणं. घट्ट दोरी: पाय जातो. पुंगी वाजवून तोच साप परत बोलावणं: यावर मी बोलणार नाही. निळा पडलेला चेहरा आणि तोंडाचा फेस यांना मात्र मी माफ करतो. श्वास बंद पडत आला की माणूस निळसर होतोच, आणि गिळता येत नसल्याने लाळ तोंडात साचते. पण अशाच माणसाच्या तोंडात पाल्याचा रस ओततात, आणि तो सरळ फुप्फुसात जातो. माझ्या मते पडद्यावरचा सगळ्यांत घातक क्षण हा आहे, आणि तो नेहमी सगळ्यांत हळव्या संगीतावर असतो.

खऱ्या उपचारात नाट्य नाही म्हणून दिग्दर्शक तो दाखवत नाहीत, हेही मला पटत नाही. दोन मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी हळूच तिरकी करायची. गोठलं नसेल तर विष रक्तात उतरलंय. याहून ताणलेला प्रसंग कुठल्या लेखकाला सुचणार? परंपरागत ज्ञानच दाखवायचं तर तमिळनाडूतले इरुला दाखवा. साप पकडण्यात पिढ्यानपिढ्या तरबेज असलेल्या या आदिवासींनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. त्यांनी काढलेलं विष औषध कंपन्यांकडे जातं, घोड्यांना अगदी थोड्या मात्रेत टोचतात, आणि त्या घोड्यांच्या रक्तातून अँटीव्हेनम बनतं. रानातलं ज्ञान असं कळव्याच्या हॉस्पिटलपर्यंत पोचतं, पाट्यावर वाटून मात्र नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्याच्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लढा दिला. त्याच्या अनुसूचीत स्वच्छ लिहिलंय की साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. आणि पडद्यावर? नायकाने सिगारेट पेटवली की खाली इशाऱ्याची पट्टी येते. सुरुवातीला पाटी येते की चित्रीकरणात कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही, म्हणजे सापाची काळजी घेतली गेली. पाला चोळतानाच्या प्रसंगाखाली कसलीही पट्टी नाही. "चावलेला पाय हलवू नका, १०८ ला फोन करा, सरकारी हॉस्पिटल गाठा" एवढं तिथे सहज मावतं.