फुटपट्टीने आखलेलं ब्राझीलचं भविष्य

गेली काही वर्षं ब्राझीलबद्दल एक भाकीत फिरत होतं. 2032 साली तिथे कॅथलिक मागे पडतील आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती पुढे जातील. जगातला सर्वांत मोठा कॅथलिक देश, रिओच्या डोंगरावर हात पसरून उभा असलेला ख्रिस्ताचा पुतळा आणि त्याच्या पायथ्याशी हे सत्तांतर! बातमीला याहून चांगला मथळा कुठून मिळणार?

मग जून 2025 मध्ये ब्राझीलच्या 2022 च्या जनगणनेतले धर्माचे आकडे आले. दहा वर्षांवरच्या लोकसंख्येत कॅथलिक 56.7 टक्के, इव्हँजेलिकल 26.9 टक्के. 2032 ला दहाच वर्षं उरलेली आणि मधली दरी जवळपास 30 अंकांची. भाकीत गडगडलं. ते का गडगडलं, हे मला भाकितापेक्षा जास्त रंजक वाटतं, म्हणून हा लेख.

आधी शब्द समजून घेऊ. ब्राझीलमध्ये ‘एवांजेलिको’ म्हणजे ढोबळमानाने सगळे प्रोटेस्टंट. त्यांतले बहुसंख्य पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्मा अंगात येतो, आजार बरे करतो असं मानणाऱ्या पंथांचे. यांतली सर्वांत मोठी संघटना, ‘आसेंब्लेया दि देउस’, दोन स्वीडिश धर्मप्रचारकांनी 1911 साली अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात सुरू केली. पुढे 1977 मध्ये रिओत ‘युनिव्हर्सल चर्च’ निघालं. त्याच्या संस्थापकाने 1989 मध्ये एक अख्खी टीव्ही वाहिनी विकत घेतली आणि 2014 मध्ये साओ पावलोत दहा हजार आसनांचं ‘सॉलोमनचं मंदिर’ बांधलं. गोव्यात चर्च आणलं त्याच पोर्तुगालने ब्राझीलमध्येही आणलं होतं, पण तिथलं आजचं चित्र पणजीच्या चर्चसमोर उभं राहून कल्पनेत यायचं नाही.

इव्हँजेलिकलांचा आलेख असा: 1980 मध्ये 6.6 टक्के, 1991 मध्ये 9, 2000 मध्ये 15.4, 2010 मध्ये 22.2. कॅथलिकांचा त्याच वर्षांत 89, 83, 73.6, 64.6. हे आठ ठिपके पाहिले की कुणाचाही हात फुटपट्टीकडे जातो. नुसती सरळ रेघ ओढली तर दोन रेघा 2037 च्या आसपास एकमेकींना छेदतात. वेग आणखी वाढेल असं धरलं तर 2032. शाळेत आपण हेच शिकलो होतो, दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. पण रेषा जाते म्हणून माणसं तिच्यावरून जात नाहीत.

2010 ते 2022 मध्ये काय झालं? 2022 ला धर्माचा प्रश्न फक्त दहा वर्षांवरच्यांसाठी होता, म्हणून 2010 चे आकडेही त्याच मापाने पुन्हा काढले गेले. कॅथलिक 65.1 वरून 56.7 वर आले आणि इव्हँजेलिकल 21.6 वरून 26.9 वर गेले. म्हणजे इव्हँजेलिकल वाढ वर्षाला साधारण 0.68 अंकांवरून 0.44 वर घसरली. वाढ थांबली नाही, तिचा दम कमी झाला.

आता माझा आवडता भाग. वाचकाने इथे थोडा धीर धरावा, कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तमच.

एखाद्या धर्माचा टक्का दोन वाटांनी बदलतो. पहिली वाट माणसाने धर्म बदलण्याची. सगळ्या गप्पा तिच्याबद्दलच असतात. दुसरी वाट अगदी मुकी असते. कुणीही धर्म बदलत नाही, पण म्हातारी माणसं मरतात आणि लहान मुलं मोजणीत येतात. ब्राझीलमध्ये 80 वर्षांवरच्या लोकांत कॅथलिक 72 टक्के आहेत आणि 10 ते 14 वर्षांच्या मुलांत 52 टक्के. समजा उद्यापासून धर्मांतरावर कडकडीत बंदी आली आणि ती शंभर टक्के पाळलीही गेली. तरी कॅथलिक टक्का उतरतच राहणार, कारण वरून गळणाऱ्यांत कॅथलिक जास्त आणि खालून भरणाऱ्यांत कमी.

किती उतरेल? कपट्यावरचं गणित करून पाहू. दहा वर्षांवरची लोकसंख्या सुमारे 17.7 कोटी. दरवर्षी साधारण 28 लाख मुलं दहावं वर्ष ओलांडून मोजणीत शिरतात, म्हणजे 1.6 टक्के. त्यांच्यात कॅथलिक सरासरीपेक्षा 4.7 अंकांनी कमी. गुणाकार केला की 0.07. दरवर्षी सुमारे 15 लाख माणसं मरतात, म्हणजे 0.85 टक्के. मरणारे बहुतेक म्हातारे, त्यांच्यात कॅथलिक 70 टक्के धरू, म्हणजे सरासरीपेक्षा 13 अंकांनी जास्त. गुणाकार 0.11. दोन्हींची बेरीज वर्षाला 0.18 अंक. प्रत्यक्षात कॅथलिक टक्का वर्षाला 0.7 अंकांनी उतरला. म्हणजे घसरणीतला चौथा हिस्सा कुणाच्याही मतपरिवर्तनाशिवाय, निव्वळ वाढदिवस आणि अंत्यविधी यांच्या हिशेबातून आला. उरलेला तीन चतुर्थांश माणसांच्या हलण्याचा. 70 हा आकडा माझा अंदाज आहे आणि स्थलांतर मी धरलेलं नाही, तेव्हा दशांशाखालच्या दुसऱ्या अंकावरून कुणी माझ्याशी भांडू नये.

पण इथेच एक खोच आहे. म्हातारे जास्त कॅथलिक आहेत ते 1940 च्या आसपास जन्मले म्हणून, की म्हातारे झाले म्हणून? 1940 मध्ये 95 टक्के ब्राझील कॅथलिक होता, त्यामुळे पहिलं कारण पटतं. पण वय वाढलं की माणूस बालपणीच्या देवाकडे परततो हेही आपण घरोघरी पाहतो. शिवाय जनगणनेच्या त्या वर्षाचंच काही वेगळं असू शकतं. तीन परिणाम झाले: वयाचा, पिढीचा, काळाचा. आणि या तिघांत एक नातं आहे, वय म्हणजे गणनेचं वर्ष वजा जन्मवर्ष. दोन कळले की तिसरा आपोआप ठरतो. म्हणून कितीही आकडे जमवले तरी, बाहेरून एखादं गृहीतक घेतल्याशिवाय, हे तीन परिणाम वेगळे काढता येत नाहीत. क्ष + य = झ एवढंच माहीत असताना तिघांचं वेगवेगळं वजन विचारण्यासारखं हे आहे. लोकसंख्याशास्त्रात या पेचावर आयुष्यं खर्ची पडली आहेत. वृत्तवाहिनीवरचा तज्ज्ञ तो दीड मिनिटात सोडवतो.

बरं, मग वाढीचा दम का कमी झाला? मला सुपात धान्य पाखडायची उपमा बरोबर वाटते. पहिल्या दोन-चार झटक्यांत हलकं फोलपट उडून जातं. नंतर तेवढ्याच जोराने पाखडलं तरी कमी उडतं, कारण सुपात आता वजनदार दाणे उरलेले असतात. 1980 च्या ब्राझीलमध्ये कोट्यवधी लोक बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी एवढ्यापुरते कॅथलिक होते. ईशान्येच्या दुष्काळी मुलखातून साओ पावलोच्या झोपडवस्तीत आलेल्या कुटुंबाला जवळपास पाद्री सापडत नव्हता. कॅथलिक पाद्री घडवायला अनेक वर्षांचं शिक्षण आणि ब्रह्मचर्य लागतं. अ‍ॅमेझॉनमधल्या कित्येक गावांना वर्षातून एखाद्याच वेळी पाद्री दिसतो. 2019 मध्ये व्हॅटिकनमध्ये खास अ‍ॅमेझॉनसाठी धर्मसभा भरली, तेव्हा विवाहित पुरुषांना पाद्री करावं का यावरही चर्चा झाली. पेंटेकोस्टल पास्टर मात्र गल्लीतलाच असतो. गॅरेजचं शटर वर केलं, प्लास्टिकच्या वीस खुर्च्या मांडल्या, एक माइक लावला की चर्च तयार. दारू सुटलेल्या नवऱ्याची साक्ष आणि नोकरीचा सांगावा तिथेच मिळतो. ब्राझीलच्या 2022 च्या मोजणीत पत्त्यांवरून कळलं की देशात धार्मिक इमारती 5 लाख 79 हजारांहून जास्त आहेत. शाळा-कॉलेजं 2 लाख 64 हजार, दवाखाने-इस्पितळं 2 लाख 47 हजार. दोन्ही मिळूनही धार्मिक इमारतींइतक्या भरत नाहीत!

तर हलके होते ते उडाले. उरलेल्या कॅथलिकांत जाणीवपूर्वक कॅथलिक राहिलेल्यांचं प्रमाण जास्त. शिवाय चर्चनेही टाळ्या-गाणी आणि टीव्हीवरचे पाद्री आपलेसे केले. दुसऱ्या बाजूला इव्हँजेलिकलांच्या सुपालाही भोक पडलं. आई-बापांनी धर्म बदलला होता, मुलं त्यात जन्मली, आणि जन्मतः मिळालेली गोष्ट सोडणं सोपं असतं. देवाला मानणारे पण चर्च सोडलेले, असे लोक तिथे इतके झालेत की त्यांना ‘देझिग्रेजादो’ असा शब्दच पडला आहे.

‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे 7.9 वरून 9.3 टक्के झाले. हे सगळे नास्तिक म्हणून आपल्याकडच्या विवेकवादी मित्रांनी पेढे वाटू नयेत. 2010 मध्ये अशा दीड कोटी लोकांपैकी स्वतःला नास्तिक म्हणवणारे सव्वासहा लाखसुद्धा नव्हते. बाकीच्यांचा देव शाबूत आहे, फक्त त्याचा पत्ता नक्की नाही.

वाढ सर्वांत मोठ्या पटीने झाली ती उम्बांदा आणि कांदोम्ब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मांत: 0.3 टक्क्यांवरून 1 टक्का, सुमारे 18 लाख माणसं. बारा वर्षांत तिपटीहून जास्त? इतक्या लोकांनी धर्म बदलला असेल हे मला पटत नाही. मला वाटतं, पूर्वी दारात आलेल्या प्रगणकाला ते ‘कॅथलिक’ सांगत होते. सांगायला सबळ कारण होतं. 1890 च्या दंडसंहितेत भूतविद्या आणि जादूटोणा हा गुन्हा होता. त्याच्या आधारे पोलिसांनी पूजास्थानांवर धाडी घातल्या. रिओत जप्त केलेले ढोल आणि देवतांच्या वस्तू पोलिसांच्या संग्रहालयात पडून होत्या, त्या 2020 मध्ये बाहेर आल्या. बाईया राज्यात तर 1976 पर्यंत पूजेसाठी पोलिसांचा परवाना लागे. आणि त्याही मागे जा. 1872 च्या पहिल्या जनगणनेत 99.7 टक्के कॅथलिक दिसतात, कारण गुलामांना न विचारताच कॅथलिक धरलं होतं. हल्ले आजही होतात, रिओच्या काही वस्त्यांत टोळीवालेच ‘येशूच्या नावाने’ ही पूजास्थानं फोडतात. तरी काळेपणाचा अभिमान वाढला, तशी जीभ मोकळी झाली.

आणखी एक अडचण आहे: जनगणना एकच उत्तर घेते. बाईयाची राजधानी साल्वादोर, तिथे जानेवारीतल्या एका गुरुवारी शुभ्र घेरदार कपड्यांतल्या बायका आठ किलोमीटर चालत बोंफिंच्या चर्चला जातात आणि सुगंधी पाण्याने त्याच्या पायऱ्या धुतात. चर्च येशूचं. बायकांच्या मनात त्याच वेळी ओशाला ही पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची देवता, पांढरा रंग तिचाच. आता यांतल्या एखादीचा धर्म कुठल्या रकान्यात लिहायचा? पंढरीची वारी करून येताना पिराला चादर चढवणाऱ्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

फुटपट्टीचा नाद ब्राझीलपुरता नाही. ‘अमुक साली तमुक बहुसंख्य होणार’ हे निरोप आपल्याही फोनवर येतात, त्यांचं गणित याच जातीचं असतं. धर्मांचे आलेख कधी उतारासारखे असतात, कधी जिन्यासारखे. 1951 मध्ये भारतात बौद्ध होते 1.8 लाख, 1961 मध्ये 32.5 लाख, त्यांतले 27.9 लाख एकट्या महाराष्ट्रात. मध्ये 1956 चं नागपूर होतं. 1951 च्या आकड्यांवर फुटपट्टी ठेवून ही पायरी कुणाला दिसली असती? आणि 1961 नंतर दर दहा वर्षांनी तीच अठरा पट वाढ पुढे धरली असती तर आज भारतात दुसरं कुणी उरलंच नसतं.

भाकीत करणारे हास्यास्पद ठरतात, पण चमत्कार विकणारे घातक असतात. कोविडच्या पहिल्या लाटेत ब्राझीलच्या एका टीव्ही-पास्टरने घेवड्याचं बी पेरा, बरे व्हाल, असं सांगून भक्तांकडून हजार रेआलपर्यंत (रेआल हे तिथलं चलन) देणगी मागितली. सरकारी वकिलांना मध्ये पडावं लागलं. आपल्याकडे त्याच महिन्यांत काय काय विकलं गेलं ते आठवून हसू आवरावं.

2010 ते 2022 चाच वेग धरला तर दोन रेघा आता 2048 च्या सुमारास छेदतात. ही पुन्हा फुटपट्टीच, तेव्हा तीही घरी लावायला नको. मी वाट पाहतोय पुढच्या मोजणीची. 10 ते 14 वर्षांच्या मुलांत इव्हँजेलिकल 31.6 टक्के आहेत असं 2022 चे आकडे सांगतात, पण जनगणनेत घरातलं एकच माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतं. म्हणजे तो आकडा मुलांचा नाही, बहुतेक घरांत आईचा किंवा बापाचा आहे. पुढच्या वेळी प्रगणक दारात येईल तेव्हा ही मुलं विशीच्या आसपास असतील, आणि त्यांतली कितीतरी वेगळ्या घरात, स्वतः दार उघडणारी.