हाफलिंग

कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांतील (ज्यांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) सुमारे तीन फूट उंचीचा, माणसासारखा दिसणारा बुटका वंश. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळामुळे तो रूढ झाला. त्या खेळाच्या सुरुवातीच्या छपाईत मात्र हे लोक हॉबिट म्हणूनच वावरत होते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९३७ च्या कादंबरीतले हे घरकोंबडे, खादाड, केसाळ पायांचे गावकरी खेळात जवळजवळ जसेच्या तसे आले होते.

त्यांचे स्वागत थंडेच झाले. एखाद्या खेळाडूला हॉबिट व्हायचेच असेल तर होऊ द्यावे, अशा सुरात नियम लिहिलेला होता. हॉबिटाला फक्त लढवय्या होता येई आणि तोही चौथ्या पातळीच्या, म्हणजे ताकदीच्या चौथ्या पायरीच्या, पुढे जात नसे. नेमबाजी अचूक आणि जादूला दाद न देण्याची ताकद मोठी, एवढीच काय ती भरपाई. पुढच्याच वर्षी पुरवणी पुस्तकातून ‘चोर’ हा नवा वर्ग, म्हणजे पात्राचा पेशा, आला आणि हॉबिटांचे नशीब उघडले. कुलूप उघडणे, खिसा कापणे, सावलीत लपणे या कामांत त्यांना जास्तीचे गुण मिळत. मूळ कथेतही बुटक्या नायकाला घरफोड्या म्हणूनच कामावर घेतलेले असते. पण तिथे तो विनोद आहे, कारण गृहस्थाने आयुष्यात चमचाही चोरलेला नसतो. खेळाने तो विनोद खरा धरला आणि एका माणसावर लादलेला धंदा साऱ्या जमातीचा स्वभाव होऊन बसला.

१९७७ च्या सुमारास टोल्किन यांच्या साहित्याचे व्यापारी हक्क असलेल्यांनी कायद्याचा बडगा उगारला. मग हॉबिटांचे हाफलिंग झाले, चालत्याबोलत्या वृक्षांचे ‘एंट’ हे नाव बदलून ‘ट्रिअंट’ झाले. ‘हाफलिंग’ हा शब्दही टोल्किन यांनी वापरलेलाच, पण तो त्यांचा नव्हे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत अर्धवट वाढलेल्या पोराला तसे म्हणत, त्यामुळे त्यावर कोणाला मालकी सांगता येत नव्हती. (गंमत अशी की ‘हॉबिट’ हा शब्दही एकोणिसाव्या शतकातल्या एका लोककथासंग्रहातल्या भुताखेतांच्या लांबलचक यादीत सापडतो.)

नाव बदलले, माणूस तोच राहिला. १९७८ च्या नियमपुस्तकात हाफलिंगांच्या हेअरफूट, टॉलफेलो आणि स्टाउट अशा तीन पोटजाती आहेत. टोल्किन यांच्या हॉबिटांच्या हार्फूट, फॅलोहाइड आणि स्टूर या जाती ज्याला ठाऊक आहेत, त्याला वेगळे सांगायला नको. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत तर हाफलिंग हा वंश आणि वर्ग दोन्ही एकच होता. आठव्या पातळीला त्याची वाढ संपे.

खरी फारकत झाली ती खेळाच्या स्वतंत्र विश्वांत. १९८४ च्या ‘ड्रॅगनलान्स’मध्ये हाफलिंगांच्या जागी आलेले केंडर हे भीती न जाणणारे, लहान मुलासारखे कुतूहल असलेले लोक. दुसऱ्याची वस्तू त्यांच्या थैलीत आपसूक येते आणि त्याला चोरी म्हटले की ते मनापासून दुखावतात. वाचताना हे पात्र लोभस वाटते. डावात बसल्यावर मात्र स्वभावाचे निमित्त करून सोबत्यांचेच सामान लांबवणारा केंडर पुष्कळांना नकोसा होतो. १९९१ च्या ‘डार्क सन’ने आणखी टोक गाठले. त्या होरपळलेल्या जगातले हाफलिंग जंगलात राहतात आणि माणसे खातात. २००४ च्या ‘एबेरॉन’मध्ये ते गवताळ मैदानांत डायनासोरांवर स्वार होऊन भटकतात.

मुख्य खेळाने हा धडा २००० मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत घेतला. ढेरी गेली, बिळातले घर गेले, पायात बूट आले. हाफलिंग सडपातळ, चपळ आणि फिरस्ते झाले, आणि नमुन्याच्या पात्रांत लिडा नावाची हाफलिंग चोर आली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत उंची चार फुटांच्या आसपास गेली आणि नदीकाठचे, होड्यांतून फिरणारे लोक अशी त्यांची नवी ओळख बेतली गेली. त्याच आवृत्तीच्या पहिल्या नियमपुस्तकातून नोम हा दुसरा बुटका वंश वगळलेला होता. दोन बुटक्यांत फरक काय, हा प्रश्न खेळाला पहिल्यापासून छळत आला आहे. नोमांकडे भ्रमविद्या आणि यंत्रांची खटपट दिली, हाफलिंगांकडे चोरी ठेवली, तरी सरमिसळ व्हायची ती होतेच.

२०१४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, हाफलिंग पुन्हा तीन फुटांवर आणि चूल, शेत, जेवणाच्या पंगतीकडे परतले. वीस बाजूंच्या फाशावर एक, म्हणजे सर्वांत वाईट दान, पडला तर तो पुन्हा टाकण्याची त्यांची सवलत या आवृत्तीतली सर्वांत नेमकी कल्पना म्हणावी लागेल. दुबळा जीव मोठ्या संकटातून निसटतो कसा, याचे उत्तर तिथे आकडेमोडीतच दिले आहे. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने ‘वंश’ऐवजी ‘प्रजाती’ हा शब्द घेतला आणि लाइटफूट व स्टाउट या पाचव्या आवृत्तीतल्या पोटजातीही काढून टाकल्या. आपल्याहून मोठ्या माणसाच्या आड लपण्याची कला तोवर फक्त लाइटफूटांची होती, ती आता सगळ्याच हाफलिंगांना मिळाली.