सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड : दातातील कीड आहे तिथेच थोपवण्यासाठी पोकळीत लावायचे चांदी व फ्लोराइडयुक्त द्रावण. ड्रिल व भुलीचे इंजेक्शन लागत नसल्याने लहान मुले आणि दवाखान्याच्या खुर्चीत फार वेळ बसू न शकणारे वृद्ध यांच्यासाठी ते विशेष वापरले जाते.

उगमाबाबत मतभेद आहेत. किडीवर सिल्व्हर नायट्रेट लावण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होती. अमेरिकन दंतवैद्य पर्सी हाउ यांनी १९१७ मध्ये त्याचे अमोनियायुक्त रूप मांडले. काही जण आजचे द्रावण त्याचीच सुधारित आवृत्ती मानतात. मात्र हाउ यांच्या द्रावणात फ्लोराइड नव्हते. त्यामुळे जपानी संशोधक निशिनो व यामागा यांनी ओसाका विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या कामापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. जपानमध्ये १९७०च्या सुमारास ‘सॅफोराइड’ नावाने त्याला मान्यता मिळाली. ऑस्ट्रेलियात अमोनियाविना सिल्व्हर फ्लोराइड लावून त्यावर स्टॅनस फ्लोराइड (कथिलयुक्त फ्लोराइड) देण्याची पद्धत रुजली; ती समांतर शाखा समजावी. अमेरिकेतील २०१४ची मान्यता दात शिवशिवण्यावरील उपायापुरती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०२१मध्ये आले.

प्रचलित द्रावण ३८ टक्के असते. त्यात फ्लोराइड सुमारे ४४,८०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). चांदी जंतू मारते व दंतिनातील (दाताच्या आतल्या कठीण थरातील) कोलॅजेन हे प्रथिन कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) आवर घालते. फ्लोराइडमुळे खनिजे पुन्हा साचतात. अमोनिया द्रावण स्थिर ठेवतो. तो उडून गेला की द्रावण बिघडते, म्हणून थेंब आयत्या वेळीच काढावा, तोही प्लॅस्टिकच्या वाटीत; काच व धातू टाळावेत.

एक थेंब साधारण पाच दातांना पुरतो. पोकळीतील अन्नकण ब्रशने काढतात; मऊ दंतिन खरवडण्याची गरज नसते. ओठांना व्हॅसलीन लावून दाताच्या बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात. पोकळी कोरडी करून बारीक ब्रशने द्रावण लावतात, शक्यतो एक मिनिट राहू देतात आणि उरलेले टिपून घेतात. त्वचेवर सांडल्यास तपकिरी डाग एक-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही.

दोन ते चार आठवड्यांनी तपासणी करतात. थांबलेली कीड काळी आणि टणक होते. नवशिके नुसत्या काळेपणावर विसंबतात, ते चुकीचे. प्रोबला (तपासणीच्या टोकदार सळईला) जागा मऊ लागली तर पुन्हा लावावे लागते. हा काळेपणा कायमचा असतो, मिश्रीच्या डागासारखा घासून निघत नाही. म्हणून पुढच्या दातांसाठी पालकांना आधी छायाचित्र दाखवून संमती घ्यावी. वर ग्लास आयोनोमर (दातांच्या रंगाचे सिमेंट) भरल्यास रंग काहीसा झाकतो आणि अन्न अडकणेही थांबते.

दुधाच्या दातांवरील अभ्यासांच्या २०१६मधील एका आढाव्यात सुमारे ८१ टक्के किडी थांबल्याचे आढळले. पुढच्या दातांत यश अधिक. दोन दाढांच्या फटीत कमी, कारण तिथे लाळ आणि अन्न राहते. एकदाच लावून सोडणे हे अपयशाचे नेहमीचे कारण; वर्षातून एकदापेक्षा दर सहा महिन्यांनी लावणे अधिक परिणामकारक ठरते. रात्री ठणका लागणे, हिरडीवर पुवाची पुटकुळी येणे ही कीड दाताच्या मज्जातंतूपर्यंत पोहोचल्याची चिन्हे होत. अशा दातावर हे द्रावण उपयोगी नाही. चांदीची ॲलर्जी किंवा तोंडात व्रण असल्यासही वापर वर्ज्य.

वृद्धांत हिरडी खाली सरकून उघडी पडलेली मुळे किडतात. मुळांवर दंतवल्काचे (इनॅमलचे) कवच नसते आणि अनेक औषधांनी लाळही आटलेली असते. वर्षातून एकदा ३८ टक्के द्रावण लावण्याची शिफारस आढळते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८च्या मार्गदर्शिकेने मात्र मुळांच्या किडीसाठी ५,००० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टला पहिली पसंती दिली आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला रोज दात घासून देणारे कोणी नसल्यास ती पसंती व्यवहारात टिकत नाही. तिथे घरी जाऊन द्रावण लावणेच सोयीचे पडते.